मुंगूस भाषण करत नाही: मुलांसाठी प्राण्यांची साहसकादंबरी कशी लिहावी

मुलांच्या कादंबऱ्यांची हस्तलिखितं वाचायचं काम मी बरीच वर्षं करते आहे. त्यात प्राणी आणि पर्यावरण असलेली हस्तलिखितं ढिगाने येतात आणि बहुतेक एकाच जागी आपटतात. शेवटच्या प्रकरणात सगळ्या प्राण्यांची सभा भरते, हत्ती अध्यक्ष होतो आणि झाडं लावायचा ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर होतो. गोष्ट पुण्यातल्या पाषाणला घडत असते. तिथे हत्ती कुठून आला, हे कोणी विचारत नाही.

लिहिणाऱ्यांना लिहिता येतं, त्याबद्दल तक्रार नाही. चुकतो तो क्रम. आधी संदेश ठरतो, मग त्याला शोभेल असा प्राणी शोधला जातो, आणि जागा म्हणून 'एक घनदाट जंगल' शेवटी चिकटवलं जातं. हे सगळं उलटं करायचं आहे: आधी जागा, मग तिथला प्राणी, त्याची गरज, त्याची वाट. संदेशाचं काय करायचं ते पाचव्या टप्प्यात.

वाचक ९ ते १२ वर्षांचा धरला आहे. उदाहरणासाठी एकच गोष्ट शेवटपर्यंत वापरते: रामनदीच्या काठी राहणारी 'करडी' नावाची मुंगसाची मादी.

## लिहायला बसण्याआधी

खिशात मावणारी वही घ्या. मोबाइलवर नोंदी करणारे नोंदी कमी आणि फोटो जास्त काढतात, आणि फोटोला वास नसतो. जागेचा नकाशा कागदावर छापून घ्या, त्यावर पेनाने खुणा करता आल्या पाहिजेत. ओळखीतलं नऊ ते बारा वर्षांचं एखादं मूल आत्ताच हेरून ठेवा. ते तुमचं स्वतःचं नको, ते कौतुकच करेल.

वेळही हवा. निदान दोन ऋतू ती जागा पाहिलेली असावी. पावसाळ्यातली गोष्ट डिसेंबरात घरी बसून लिहिली की पानोपानी 'रिमझिम' येते. ओढ्याला आलेल्या पाण्याचा रंग मात्र कुठेच दिसत नाही.

## टप्पा १: जागा, आणि तीही लहान

जंगल नको. पायी दोन-तीन तासांत फिरून होईल एवढा तुकडा घ्या. पुण्यात आणि आसपास असे तुकडे भरपूर आहेत आणि प्रत्येकातून वेगळी गोष्ट निघते. वेताळ टेकडी घेतली तर खाणी, गवत, मोर आणि पहाटे फिरायला येणारी माणसं. येरवड्याजवळ मुळा-मुठेच्या काठचं डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य घेतलं तर नदी, गाळ आणि हिवाळी पाहुणे. सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य घेतलं तर झाड कमी, गवत जास्त आणि चिंकारा. मी रामनदी घेतली, कारण ती भूगाव-बावधनकडून पाषाण, सोमेश्वरवाडी, बाणेर करत औंधकडे मुळेला मिळते आणि वाटेत तिचं रूप दर किलोमीटरला बदलतं.

त्या जागी निदान चार वेळा जा: उजाडताना, भर दुपारी, दिवेलागणीला आणि शक्य असेल तर पाऊस पडून गेल्यावर लगेच. नोंद कशाची करायची? पाणी कुठून येतं आणि कुठे जातं. कुत्र्यांची टोळी कुठे बसते. राडारोडा कुठे टाकलाय, ताजा की जुना. रात्री दिव्यांचा झोत कुठवर पोचतो. कुठल्या भिंतीला भोक आहे. हे शेवटचं क्षुल्लक वाटेल, पण साहसकथा भिंतीतल्या भोकावरच चालते.

पाण्याचं गणित इथेच समजून घ्या, कारण सगळ्यात ढोबळ चुका त्यात होतात. खडकवासल्यातून सोडलेलं पाणी मुठेत येतं. वरची टेमघर, वरसगाव आणि पानशेत ही धरणं भरली की त्यांचं पाणी खडकवासल्यात उतरतं. म्हणूनच शहरात ऊन असतानाही मुठेवरचा बुटका भिडे पूल पाण्याखाली जाऊ शकतो. रामनदीचा या धरणांशी काही संबंध नाही. तिला पूर येतो तो आसपासच्या टेकड्यांवर आणि सिमेंटच्या अंगणांवर कोसळलेल्या पावसाचा, आणि तो भराभर येतो. 'खडकवासल्याचे दरवाजे उघडले आणि पाषाणला करडीचं बीळ वाहून गेलं' असं लिहिलंत, तर पाचवीतलं पुणेकर मूल तुम्हाला तिथेच सोडेल.

क्युसेकचा आकडाही नुसता फेकू नका. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर पाणी. दहा हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला जवळजवळ २ लाख ८३ हजार लिटर. मुलांना हे घरच्या बादलीत सांगा.

सावध: पानशेत धरण फुटून पुण्यात आलेला पूर घेणार असाल तर तारीख १२ जुलै १९६१ आणि लोंढा शहरात आला तो दिवसाढवळ्या. हस्तलिखितांत मात्र नेहमी विजा कडाडणारी मध्यरात्र असते.

तपासा: गोष्टीतली जागा वाचून एखादं मूल आई-बाबांबरोबर तिथे गेलं, तर त्याला तो ओढा, ती भिंत, ते झाड सापडेल का?

## टप्पा २: प्राणी निवडा, मग त्याचं शरीर समजून घ्या

जागेवर प्रत्यक्ष दिसलेल्यांतून निवडा. मुंगूस, खार, घोरपड, पिंगळा, टिटवी, धामण, सातभाई. बिबट्या सगळ्यांना हवा असतो. जुन्नरच्या उसाच्या फडातली गोष्ट असेल तर जरूर घ्या, तिथे बिबट्याची मादी फडातच पिल्लं घालते आणि ऊसतोडीच्या वेळी ती पिल्लं माणसांना सापडतात. रामनदीच्या गोष्टीत उगाच रुबाबासाठी बिबट्या आणला की तो सगळी पानं खाऊन टाकतो.

प्राणी ठरला की पुढचे प्रश्न वहीत लिहून उत्तरं शोधा. तो दिवसा जागा असतो की रात्री? काय खातो? त्याला कोण खातं? त्याचं नाक तेज की कान? एका दिवसात किती फिरतो? पिल्लं किती आणि कुठे वाढवतो?

करडीचं शरीर असं: तोंडापासून बुडापर्यंत जेमतेम दीड फूट आणि शेपूट जवळपास तेवढीच. डोळे जमिनीपासून वीतभरही वर नाहीत. दिवसा फिरते. किडे, उंदीर, सरडे, अंडी, साप, जे मिळेल ते खाते. एका वेळी दोन ते चार पिल्लं. यावरून पहिली गोष्ट कळते: तिच्यासाठी पाषाण रस्ता ओलांडणं हेच समुद्र ओलांडण्याइतकं आहे. औंधहून कात्रजला एका दुपारीत पोचणारं मुंगूस मी एकदा हस्तलिखितात पाहिलं होतं. त्याला बहुधा बस मिळाली असावी.

एक उपयोगी खटाटोप सांगते. जागेवर जमिनीला गाल टेकून पडा आणि वीतभर उंचीवरून बघा. लाज वाटत असेल तर मोबाइल तेवढ्या उंचीवर धरून चित्रफीत घ्या. गवत म्हणजे भिंत होते, फुटपाथची कड म्हणजे कडा होतो, माणूस म्हणजे दोन चपला. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा आधी लिहिलेली दोन प्रकरणं फाडली, कारण त्यात माझी मुंगशी क्षितिज न्याहाळत होती.

आता सोबती. करडीला मित्र म्हणून मी पिंगळा, म्हणजे छोटं घुबड, घेतला आणि तिथेच फसले. मुंगूस दिवसाचं, पिंगळा मुख्यतः संध्याकाळ ते पहाट. मी त्यांना भर दुपारी गप्पा मारायला बसवलं होतं. एका मुलीने विचारलं, "तो झोपत कधी?" मग नियम केला: दोघांची भेट फक्त दिवेलागणीला आणि झुंजुमुंजूला, तीही घाईची. त्या घाईने गोष्टीला वेगच आला. दुसरी अडचण आणखी मोठी होती. मुंगूस अंडी आणि पिल्लं खातं. म्हणजे पिंगळ्याच्या ढोलीखाली करडी आली की पिंगळीण किंचाळणारच. ही मैत्री गोड नाही. ती टिकवायला दोघांना काहीतरी सोडावं लागतं, आणि लिहिण्यासारखं तेच आहे.

पिंगळ्याला बातमीदार करायला आपल्याकडे आयता आधारही आहे. पहाटे कंदील घेऊन दारी येणारा, पक्ष्याची भाषा कळते म्हणून भविष्य सांगणारा पिंगळा नावाचा भिक्षेकरी जुन्या माणसांना आठवतो. एखाद्या आजीच्या तोंडी त्याची दोन वाक्यं टाकली तरी पुरेत.

नेहमीच्या चुका, सरळ यादीच देते:

- कोल्हा (जॅकल) आणि खोकड (फॉक्स) एक नाहीत. परभाषेतल्या गोष्टी वाचून खोकडाला सर्रास कोल्हा म्हटलं जातं.
- साप दूध पीत नाहीत.
- साळिंदर काटे फेकून मारत नाही. काटे सहज सुटतात आणि समोरच्याच्या अंगात रुततात.
- वटवाघूळ आंधळं नसतं.
- घुबडाला बुबुळं फिरवता येत नाहीत, म्हणून ते मान फिरवतं. 'पिंगळ्याने तिरक्या नजरेने पाहिलं' हे वाक्य खोडा.
- मुंगसावर नागाच्या विषाचा परिणाम कमी होतो, पण ते पूर्ण सुरक्षित नसतं. ते जिंकतं मुख्यतः चपळाईने. कुठलीशी वेल खाऊन विष उतरवतं, ही ऐकीव गोष्ट.
- बीव्हर, रॅकून, बर्फातली रात्र: हे सगळं कार्टूनमधून येतं. बाहेर काढा.

नावं मराठीच वापरा आणि खरी वापरा: सुतार, वेडा राघू, कोतवाल, होला, भारद्वाज. यातलं एकेक नाव ऐकूनच मुलं हसतात, विशेषतः वेडा राघू.

## टप्पा ३: एका वाक्यातली गरज

प्राण्याला काय हवं आहे ते एका वाक्यात लिहा. त्या वाक्यात 'वाचवणे', 'संवर्धन', 'निसर्ग' यातला एकही शब्द चालणार नाही.

चुकीचं: करडीला रामनदी वाचवायची आहे.

बरोबर: जुनं बीळ राडारोड्याखाली गेल्यामुळे पहिला मोठा पाऊस यायच्या आत करडीला दोन पिल्लांसाठी कोरडी जागा शोधायची आहे.

दुसऱ्या वाक्यात घड्याळ आहे. पाऊस कोणासाठी थांबत नाही, त्यामुळे खलनायक नसतानाही प्रत्येक पानावर घाई राहते. प्राण्याला परवडेल अशीच गरज हवी: अन्न, पाणी, जागा, पिल्लू, जोडीदार. एवढ्यावर २० हजार शब्द सहज चालतात.

तपासा: हे वाक्य हेरून ठेवलेल्या मुलाला सांगा. त्याने "मग?" विचारलं तर पुढे जा. "छान आहे" म्हणालं तर वाक्य बदला.

## टप्पा ४: बोलण्याचे नियम ठरवा आणि भिंतीवर चिकटवा

प्राणी आपसांत बोलतात का? माणसाचं बोलणं त्यांना कळतं का? माणसांना त्यांचं कळतं का? या तीन प्रश्नांची उत्तरं पहिल्या ओळीच्या आधी ठरली पाहिजेत. माझी पसंती अशी: आपसांत बोलतात, माणसांचे आवाज ऐकतात पण शब्द कळत नाहीत. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'नाही'. सातव्या प्रकरणात अडचण आली म्हणून अचानक एखाद्या मुलाला मुंगसाची भाषा कळायला लागते, तो पळवाटेचा प्रकार मुलं ओळखतात.

दुसरा नियम माहितीचा. करडीला 'महानगरपालिका', 'प्लॅस्टिक', 'प्रदूषण' हे शब्द ठाऊक नाहीत. मग ती जेसीबीला काय म्हणेल? माझ्या वहीत तो 'पिवळा सोंड्या' आहे. डंपर 'दगड ओकणारा'. टॉर्च 'हातातला चंद्र'. अशा शब्दांची यादी वेगळ्या पानावर ठेवा आणि शेवटपर्यंत तीच वापरा. फार शब्दही करू नका. दहा-बारा पुरेत, नाहीतर वाचकाला कोश लागेल.

नाती आपल्या बोलीतून येऊ द्या. पिल्लू म्हाताऱ्या घोरपडीला 'आजी' म्हणेल, भारद्वाजाला 'काका'. करडी पिंगळ्याला 'अरे' म्हणेल पण पिंगळिणीला सुरुवातीला 'तुम्ही', कारण तिच्या घरावर संशयाने बघितलं जातंय. हे 'तुम्ही' कोणत्या प्रकरणात 'तू' होतं, ते ठरवून ठेवा. त्या एका बदलाने अर्धं पान वाचतं.

आणि सदाशिव पेठेतलं मांजर 'दुपारी एक ते चार भेटणार नाही' म्हणतं, हा विनोद आता पुरे.

## टप्पा ५: पर्यावरण अडथळ्यात घाला, तोंडात नको

सगळ्यात जास्त हस्तलिखितं इथे मरतात, म्हणून इथे जरा थांबते.

संदेश पात्राच्या तोंडी आला की तो भाषण होतो. तोच वाटेतला अडथळा झाला की साहस होतं. करडी कोरडी जागा शोधत चार ठिकाणी जाते. चारही ठिकाणी काहीतरी बिनसलेलं आहे आणि प्रत्येक बिघाडामागे एक खरं कारण आहे. कारणाची साखळी तुम्हाला पूर्ण माहीत हवी. पुस्तकात तिची एकच कडी दिसली तरी चालेल.

*पहिली जागा, तलावाचा काठ.* वरून हिरवंगार मैदान दिसतं, पिल्लू धावत जातं आणि बुडतं. ती जलपर्णी असते. साखळी अशी: सांडपाणी तलावात येतं, त्यातलं पोषण मिळून जलपर्णी माजते, पाण्यावर झाकण बसतं, खाली उजेड आणि प्राणवायू कमी होतो, मासे मरतात. करडीला यातलं काही कळायची गरज नाही. तिला एवढंच कळतं की जमीन खोटी होती.

*दुसरी जागा, टेकडीचा उतार.* झाडं दाट आहेत, पण नुसती गिरिपुष्पाची. हे झाड बाहेरच्या देशातलं, भराभर वाढतं म्हणून आपल्या टेकड्यांवर लावलं गेलं. त्याच्या विषारीपणामुळे लोक त्याला उंदीरमारी म्हणतात. सालई, मोई, धावडा, गणेर अशा देशी झाडांच्या मिसळीत जेवढे किडे-पाखरं सापडतात, तेवढी इथे सापडत नाहीत. सावली आहे आणि जेवण नाही. 'झाड म्हणजे चांगलं' एवढंच शिकलेल्या मुलाला इथे पहिल्यांदा खटकतं, आणि ते खटकू द्यावं.

हाच मुद्दा गवताळ जागेच्या गोष्टीत आणखी टोकदार होतो. सुप्याकडच्या माळावरची कादंबरी 'आणि मग सर्वांनी हजार झाडं लावली' अशी संपवलीत, तर तुम्ही चिंकाऱ्याचं घर मोडलंत. चिंकारा, लांडगा, माळटिटवी यांना उघडं गवत लागतं. माळरान म्हणजे ओसाड पडलेलं जंगल नव्हे.

*तिसरी जागा, सोसायटीची मागची बाग.* कोरडी, शांत, पाईपचं भोकही आहे. पण रोज संध्याकाळी कोणीतरी प्रेमाने कुत्र्यांना खायला घालतं आणि सहा कुत्री तिथेच बसतात. भटक्या कुत्र्यांचा लहान वन्यप्राण्यांना मोठा धोका असतो. इथे कोणी दुष्ट नाही, खायला घालणाऱ्या काकू प्रेमळच आहेत. असा प्रसंग लिहायला लेखक घाबरतात. लिहा.

*चौथी जागा* तुमच्यासाठी सोडते.

खलनायकाचं एवढंच: मिशाळ, सिगार ओढणारा बिल्डर काढून टाका. डंपरचा ड्रायव्हर रात्री दोन वाजता राडारोडा नदीपात्रात ओततो, कारण त्याला तो लांबच्या खाणीवर न्यायचे पैसे मिळत नाहीत. त्याची मुलगी तुमच्या गोष्टीतल्या मुलाच्याच वर्गात असू शकते.

माणसाचं मूल गोष्टीत असेल तर त्याला धागा हवा. मला तो चित्रकलेच्या तासाला सापडला. मुंगसाच्या केसांचे रंगाचे ब्रश चोरून विकले जातात. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे मुंगूस संरक्षित आहे आणि असे ब्रश विकणं गुन्हा आहे. आपल्या कंपासपेटीशेजारचा मऊ ब्रश कशाचा आहे, हे एखाद्या मुलाला कळण्याचा क्षण दहा घोषणांना भारी पडतो. तो क्षण मी अर्ध्या पानात संपवला. मुलगा काही बोलत नाही, ब्रश धुऊन ठेवतो आणि त्या दिवशी बोटाने रंगवतो.

सावध: मुलाने पिल्लू उचलून घरी आणलं, खोक्यात ठेवलं, दूध पाजलं, असा लाडका प्रसंग लिहू नका. वन्यप्राणी घरात ठेवणं कायद्याने गुन्हा आहे, पिंजऱ्यातला पोपटसुद्धा. जखमी प्राणी दिसला तर पात्राला वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करू द्या. आणि मदत येईपर्यंत काहीच न करता लांब थांबणं मुलासाठी किती अवघड असतं, ते लिहा.

## टप्पा ६: प्रकरणांच्या चिठ्ठ्या

आता आराखडा. पोस्टकार्डाएवढ्या चिठ्ठ्या घ्या, एका प्रकरणाला एक. या वयासाठी १४ ते १८ प्रकरणं आणि प्रकरणाला १२०० ते १५०० शब्द हा माझा अंदाज. शाळेच्या बसमध्ये एक प्रकरण संपलं पाहिजे.

प्रत्येक चिठ्ठीवर लिहा: कुठे, किती वाजता, काय हवं, काय आडवं आलं, शेवटी काय बदललं. 'काय बदललं' रिकामं राहिलं तर ती चिठ्ठी फाडा. त्या प्रकरणात बहुधा निसर्गवर्णन असतं.

चिठ्ठ्या मांडून झाल्या की ऋतूचं कॅलेंडर शेजारी ठेवा. पळस आणि पांगारा उन्हाळ्याच्या तोंडाशी, बहावा एप्रिल-मेमध्ये. पावसाआधी पावशाचं 'पेर्ते व्हा'. पहिल्या जोरदार पावसानंतर डबक्यात बेडकांचे नर पिवळेधमक होऊन ओरडतात. गणपतीच्या आधी नदीकाठी ढोल-ताशांचा सराव, ज्यात पिंगळ्याला उंदराची खुसफूस ऐकू येत नाही. चक्रवाक थंडीत. करडीची गोष्ट मेच्या मध्यापासून जूनच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत आहे, म्हणून मला चक्रवाकाचं एक सुरेख प्रकरण काढावं लागलं. वाईट वाटलं, काढलं.

वाटही नकाशावर पेनाने आखा. सोमेश्वरवाडीचा नदीकाठ, पाषाण रस्ता, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची भिंत, वेताळ टेकडीचा उतार. उलट्या दिशेने गेलेलं पात्र नकाशावर लगेच पकडलं जातं.

## टप्पा ७: पहिला खर्डा

रोज एक प्रकरण, मागे वळून न बघता. दुरुस्ती नंतर. फक्त एक गोष्ट हाताशी ठेवा: प्रत्येक प्रसंग प्राण्याच्या सगळ्यात तेज इंद्रियाने सुरू करा.

असं येतं:

"सूर्य मावळतीला चालला होता. आकाशात रंगांची उधळण झाली होती. करडीने विचार केला, मानवाने निसर्गाची किती हानी केली आहे!"

असं हवं:

"बिळाचा वास येत नव्हता. करडी थांबली. दगड तोच, निवडुंग तोच. पण जिथे ओल्या मातीचा आणि पिल्लांच्या दुधाळ तोंडांचा वास यायला हवा, तिथे काहीतरी कोरडं, खारट, नाकात चुरचुरणारं पसरलं होतं. तिने पंजा टाकला. पांढरी धूळ उडाली."

दुसऱ्यात सिमेंटचा शब्द नाही. मूल तो स्वतः उच्चारतं.

भाषेचं एवढंच: वाक्यं आखूड ठेवा, पण सगळीच नको. पळापळीत तीन-चार शब्दांची, रात्रीच्या वाटेवर लांब. अवघड जोडाक्षरांचे शब्द एका वाक्यात ओळीने नकोत. कठीण शब्दाला घाबरू नका, 'ढोली', 'वणवा', 'डगर' हे शब्द संदर्भाने कळतात.

मरणाबद्दल. कोणीतरी मरावं का? मुंगसाच्या गोष्टीत उंदीर, सरडे मरतातच, ते लपवू नका. जवळचं पात्र मारायचं असेल तर एकच, कारणासकट, आणि त्यानंतरचं प्रकरण संथ ठेवा. फक्त रडवण्यासाठी पिल्लू मारणं हा सोपा मार्ग आहे. मुलांना तो कळतो आणि ती चिडतात.

## टप्पा ८: मोठ्याने वाचन

खर्डा पंधरा दिवस कपाटात ठेवा. मग चार-पाच मुलं जमवून दोन प्रकरणं मोठ्याने वाचा. "आवडलं का?" हा प्रश्न विचारू नका. त्याऐवजी वाचताना समासात खुणा करा: कुठे चुळबूळ झाली, कुठे कोणी पाणी प्यायला उठलं, कुठे सगळे पुढे सरकले. दुसऱ्या दिवशी एकाला गोष्ट सांगायला लावा. तो जे विसरला ते बहुधा अनावश्यक होतं. जे त्याने चुकीचं सांगितलं ते तुम्ही नीट लिहिलेलं नाही.

पालकांना या बैठकीत बसवू नका. ते मध्येच "म्हणजे यातून आपण काय शिकलो?" विचारतात.

## टप्पा ९: तपासणी, टंकन, पाठवणं

प्राण्यांविषयीचं प्रत्येक विधान अधोरेखित करा आणि त्या प्राण्याचा अभ्यास असलेल्या एका माणसाकडून तपासून घ्या. एकाच फेरीत सगळे प्रश्न न्या, दर दोन दिवसांनी फोन नको.

टंकन युनिकोडमध्ये. जुन्या फॉन्टमध्ये केलेली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरांची भेळ होते, आणि ती सुधारताना रफार व वेलांट्या हरवतात. पाठवण्याआधी 'मुंगूस-मुंगसाचा', 'पिंगळा-पिंगळ्याने' अशी रूपं शोधून एकसारखी आहेत का बघा.

प्रकाशकाकडे पाठवायचं ते असं: एका पानाचा कथासार शेवटासकट, पहिली तीन प्रकरणं, वाचकाचं वय, एकूण शब्दसंख्या. शेवट लपवू नका, संपादकाला उत्सुकता नको असते, खात्री हवी असते. चित्रं स्वतः काढून घेऊन जोडू नका, चित्रकार बहुधा प्रकाशक ठरवतो. पण एक पान चित्रकारासाठी जरूर जोडा: मुंगसाची शेपूट केवढी, कान कसे, पिंगळा केवढा, आणि वाटेचा तुमचा नकाशा. हे पान नसेल तर मुखपृष्ठावर खारीसारखं मुंगूस येतं. माझ्या एका पुस्तकावर आलेलं आहे.

स्वतः छापणार असाल तर दोन गोष्टी. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, आपल्याकडे सरकारकडून विनामूल्य मिळतो, त्याचे पैसे मागणाऱ्याला देऊ नका. आणि छपाई १६ पानांच्या फर्म्यात, म्हणजे एकत्र छापून दुमडलेल्या गठ्ठ्यात, चालते, म्हणून पानसंख्या १६च्या पटीत बसवा, निदान ८च्या. ९८ पानांचं पुस्तक झालं तर दोन पानं छाटा. ती कुठून छाटायची ते टप्पा ८ मधल्या समासातल्या खुणा सांगतील.